चौदा नंबरची पेज

२४ जुलै, मंगळ.

अकरा गावांची एन्ट्री संपली. तीनशे तीस फॉर्म. शेवटचा भरून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून नावं तपासली. एकाच बाईचं नाव एका पानावर मिराबाई, दुसऱ्यावर मीराबाई. फॉर्मवर आहे तसं ठेवायचं की एकसारखं करायचं? संस्थेच्या नागपूरच्या सरांना विचारायचं राहिलं.

दुपारी बेरीज चालवली. अर्धा तास लागला, तेवढा वेळ लाइट टिकली. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांच्या पोटात रोज किती उष्मांक जातात, त्याची गाववार यादी निघाली. खालच्या पाच गावांत संस्थेतर्फे लहानांना सकाळचं शिजवलेलं जेवण सुरू होणार. वरच्या सहांना नाही. ३१ ऑगस्टला यादी पक्की.

बोडीटोला वरून दुसरा. बरं वाटलं. तलावाकाठचे ढिवर लोक, मासोळी खात असतील.

फ्लॉपी दोन केल्या. एक कपाटात, एक घरी. कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून पाहिलं. लागलेलं होतं.

२५ जुलै, बुध.

शेवंताबाई आल्या. गावोगाव पायी फिरून हे फॉर्म त्यांनीच भरले. आल्या आल्या यादी मागितली, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचली आणि हसायला लागल्या.

"बोडीटोला दुसरा? अन् बाजाराचं गाव सातवं? बाबू, तुह्या मशीनले हगवन लागली का?"

म्हटलं, बाई, फॉर्म तुमचेच आहेत.

"फॉर्म माहे. आकडे तुहे."

मग त्यांनीच गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला. फुलाबाई, बोडीटोला. मुलगी रंजू, वय पंधरा महिने. सकाळी पेज २ वाट्या, दुपारी पेज ३, संध्याकाळी पेज २. तरोट्याची भाजी एक चमचा. संपलं.

"हे काय खानं झालं? मासोळी कुठची? पावसाळ्यात बीज सोडलं का तलावात जाळं बंद. भात खाची ऐपत असती त पेज काऊन पेती ते लोकं?"

मी वही काढली. जूनमधलं माझंच अक्षर, नीट, शाईचं: "पेज, यादीत नाही. तांदळाचीच. १४ लावणे."

पदार्थांच्या यादीत चौदा म्हणजे भात, शिजलेला. एका वाटीला १६०. रंजूच्या सात वाट्या म्हणजे १,१२०. माझ्या हिशेबानं ती गावातल्या व्यापाऱ्याच्या मुलापेक्षा जास्त जेवते.

आमच्या घरी पेज तापात करतात. घट्ट, वरून तूप. मला ती एकच पेज माहीत. मी कोणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२७ जुलै, शुक्र.

दोन दिवस फॉर्म चाळतोय. बोडीटोल्याच्या तिसांपैकी तिसांत पेज. बाकी गावांत कुठं दोन, कुठं पाच. म्हणजे चूक एकाच गावावर बसली.

आणखी काय काय केलं मी? तरोट्याला पालक लावला. कुड्याच्या फुलांना शेवग्याची फुलं. वाळलेल्या झिंग्यांना ताजे मासे. प्रत्येक वेळी "जवळचं" म्हणून. पदार्थांची यादी कोणत्या गावात बसून केली असेल कोणास ठाऊक. त्यात सफरचंद आहे, चीज आहे. पेज नाही.

दुपारी एक गोष्ट केली. इथं लिहून ठेवतो. रंजूच्या फॉर्मवर ७ वाट्यांच्या जागी पावणेदोन भरल्या. भाताच्या चौथाई धरून. आकडा खाली आला. पाच मिनिटं बरं वाटलं. मग परत ७ केल्या. चौथाई कुठून आली? मनातून. जूनमध्येही मनातूनच लावलं होतं.

३० जुलै, सोम.

बूथवरून नागपूरला फोन. मागे तिघे उभे, सगळे ऐकत होते.

सर म्हणाले, "तक्ता छापील पुस्तकावरून घेतलाय सुधाकर. त्यात नाही म्हणजे नाही. आणि पेज म्हणजे भातच की."

पाणी जास्त असतं, सर.

"किती जास्त?"

मीटर पळत होता. सर रागावले नाहीत, तेच जड वाटलं. म्हणाले, किती ते कळव, मग बोलू.

मागचा माणूस म्हणाला, "काय बापा, पेजेसाठी नागपूरले फोन!" सगळे हसले. मीही हसलो.

२ ऑगस्ट, गुरु.

शे.बाईंबरोबर बोडीटोल्याला. सायकलनं नऊ कि.मी. बाई पुढच्या दांडीवर बसायला तयार नाहीत, मागेच बसल्या आणि सबंध रस्ता मला चालवायला शिकवत आल्या.

फुलाबाई रोवण्याला, भातलावणीला, गेलेली. सासू घरी होती, रंजू तिच्या मांडीवर. पोरीचे केस तांबूस, पातळ. माझ्याकडे पाहून रडली नाही, नुसती पाहत राहिली. मी नजर वळवली.

म्हातारीला विचारलं, किती तांदळाची पेज करता? तिनं मूठ दाखवली. "तीन मुठी, अन् गंजभर पानी. चौघाचं एका येळचं होते. तुमी काय पेज कराले शिकून राह्यले का जी?"

शे.बाई म्हणाल्या, "त्याचं लग्न जमून नाई राह्यलं. सैपाक शिकला त जमल म्हनून आला."

म्हातारी दात नसलेलं हसली. माझे कान तापले. गंज मात्र मोजून घेतला. जर्मनचं, अॅल्युमिनियमचं पातेलं, काठाला पोचा आलेलं. काठोकाठ बारा वाट्या. वाटी संस्थेची, स्टीलची, फॉर्म भरायची तीच.

४ ऑगस्ट, शनि.

घरी करून पाहिली. किराणावाल्याचा तराजू आणला, ग्रॅमची वजनं साबणानं धुतली. तीन मुठी तांदूळ म्हणजे १२० ग्रॅम. पाणी मोजून.

माय करायलाच तयार नव्हती. "असं पानी आपन गाईले ठेवतो." मग स्वतःच पाटावर बसून बघत राहिली. शिजल्यावर अकरा वाट्या भरल्या. वाटीला ३८.

तीनदा गुणाकार केला. ३८. भाताच्या चौथाईहून थोडं कमीच. म्हणजे माझं मनातलं बरोबर निघालं. याचाही आनंद झाला नाही. मनातलं बरोबर निघतं तेव्हा सवय लागते.

रंजूच्या सात वाट्या: २६६.

पत्र लिहिलं. कृती, वजन, पाणी, गंजाचं माप, सगळं. दोनदा नक्कल केली, पहिल्यात खाडाखोड झाली होती.

९ ऑगस्ट, गुरु.

सरांचा फोन. बूथवाल्यानं पोरगं पाठवून बोलावलं. "तुझ्या घरी केलेली पेज चालत नाही. गावात मोजायला हवी. मी स्वतः येतो, सोमवारी, १३ ला."

स्वतः येणार! शे.बाईंना लगेच जाऊन सांगितलं. बाई, गावात कळवून ठेवा, सकाळी बायका घरी हव्यात. नाहीतर सगळ्या रोवण्याला जातील आणि सर रिकाम्या घरांची कुलपं मोजून जातील.

"सांगतो," म्हणाल्या.

१३ ऑगस्ट, सोम.

सगळं उलटं झालं. क्रमानं लिहितो.

सात वाजता जीप. बोडीटोल्याचे रस्ते झाडलेले, अंगणं सारवलेली. एका दारात रांगोळी. तेव्हाच कळायला हवं होतं.

सरांनी चांगला काटा आणला होता, काचेच्या पेटीतला. सात घरं केली. सातही घरी पेज अशी, की पळी उभी राहते. दोन घरी तर सरळ भात, त्यात थोडं पाणी. सर प्रत्येक ठिकाणी मला आकडा दाखवत होते. एकदाही टोमणा मारला नाही. पाचव्या घरी म्हणाले, "सुधाकर, ही तर माझ्या घरच्यापेक्षा घट्ट आहे."

फुलाबाईचं घर शेवटचं. नवं लुगडं नेसलेली. रंजूचं तोंड धुऊन, तेल लावून, काजळ. ती घट्ट पेज खायला तिला जमेना, थुंकत होती. तिला पातळच माहीत.

सर हात धुवायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, वहिनी, रोज अशीच असते का?

"रोज कशी राहीन जी? आज साहेब आले. साहेबाच्या समोर लेकराले पानी पाजू का मी? लोकं काय म्हनतीन?"

तांदूळ कुठून आणले?

"आनले."

मीच कळवलं होतं. माझ्याच सांगण्यावरून सात घरांनी आठवड्याचे तांदूळ एका सकाळी शिजवले.

जीप निघायच्या आत सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "असेल. पण 'पाहुणे आले म्हणून' हे मी वर काय लिहू? मला आकडा दे. सलग चार सकाळी, एकच घर चालेल, तारखेसह. पोळा-गणपती सोडून. २९ पर्यंत माझ्या टेबलावर पाहिजे. मग मी भांडतो."

खरंच म्हणाले, मग मी भांडतो.

१५ ऑगस्ट, बुध.

झेंडावंदन. शे.बाईंशी भांडण झालं. मी म्हटलं, बाई, "मोजायला येतात" एवढंच सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "तेच सांगतलं. मोजाले येतेत म्हनूनच त शिजवलं. तुह्या घरी कोनी मोजाले आला त तुही माय फाटकं पातळ नेसन का?"

जिलेबी अर्धी त्यांना दिली. घेतली, पण बोलल्या नाहीत.

२० ऑगस्ट, सोम.

पोळा झाला. बाई बोलायला लागल्या. "बैलायनं पुरनपोळी खाल्ली काल-परवा. त्यायचीबी एन्ट्री कर, बोडीटोला पयला येते."

गणपती बसले की २३ पासून चार दिवस फुलाबाईकडे. कोणाला सांगायचं नाही ठरलं. शे.बाईंनाही नाही. त्यांना मात्र सांगून टाकलं.

२३ ऑगस्ट, गुरु.

पहिली सकाळ. सहाला निघालो, पावणेसातला पोचलो. तांदूळ गंजात पडायच्या आधी मोजायचे, शिजल्यावर वाट्या मोजायच्या. साधं आहे.

गल्लीच्या तोंडाशीच म्हातारीनं पाहिलं. आत हाक मारली, "वो फुला, तो वजनवाला बाबू आला. मूठभर टाक जास्तीची."

मूठभर नव्हे, दुप्पट. २४५ ग्रॅम. नऊ वाट्या. वाटीला ९४. मला वाटी भरून दिली, नाही म्हटलं तर फुलाबाईचा चेहरा उतरला. प्यालो. ती वाटी कोणाच्या हिश्शाची, हा रकाना फॉर्मवर नाही.

२४ ऑगस्ट, शुक्र.

लवकर गेलो, सव्वासहा. काही उपयोग नाही. तांदूळ आधीच काढून सुपात ठेवलेले. "तुमी येसान मालूम होतं." २६४ ग्रॅम. वाटीला १०१.

रंजूसाठी बिस्किटाचा पुडा नेला होता. दिल्यावर लक्षात आलं, आता हेही तिच्या आजच्या खाण्यात लिहावं लागेल. तीन बिस्किटं लिहिली. दोन खाल्ली, एक कोंबडीनं नेलं. खोडून दोन केली.

फुलाबाईला समजावलं: तुम्ही रोज करता तशीच करा, पातळ दिसली तरच लेकरांना खाऊ सुरू होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. "होय जी. पन तुमी बसले असता कसं करू?"

२५ ऑगस्ट, शनि.

२३० ग्रॅम. ८८. कमी होतंय, पण ते मला पाहुणा मानणं कमी झालं म्हणून की डब्यातले तांदूळ कमी झाले म्हणून?

डबा वाजलेला ऐकला. पळीनं तळ खरवडल्याचा आवाज. तीन दिवसांत मी या घरचे जवळजवळ सहा सकाळींचे तांदूळ संपवले. रंजूचंच पोट मोजायला आलो आणि रंजूच्याच डब्यातून.

घरून पायलीभर तांदूळ न्यावे? मग त्या घरचं मोजलं असं कसं म्हणायचं? आणि ते घेतील? वाटेत दोन्ही बाजूंनी विचार केला, सायकल बांधावरून घसरली, गुडघा खरचटला.

सरांना लिहू का, जमत नाही म्हणून? एक दिवस राहिला.

२६ ऑगस्ट, रवि.

नाल्याला पाणी होतं. सायकल डोक्यावर घेऊन उतरलो. पोचेपर्यंत सात वाजून गेले. वाटलं, झालं, आधीच रांधून मोकळे झाले असतील.

फुलाबाई दारात उभी, कमरेला पदर खोचलेला, हातात विळा. निंदायला जायची घाई. म्हातारीला कणकण होती, आतच पडून होती. कोणी हाक मारली नाही, मूठभर टाक म्हणालं नाही.

"आला का? तांदूळ सुपात हायेत, मोज अन् टाक गंजात. मी कांदा चिरतो."

मोजले. अडीच मुठी. बरोबर १०० ग्रॅम. मी तिच्याकडे पाहिलं.

"काय पायतं? रोज रोज येतं त पाव्हना कायचा तू? आज हेच हाये. लाकूड सरकव मंधात."

लाकूड सरकवलं. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, फुंकणी सापडेना, तर तिनं शिवी दिली. साधीच, घरातल्याला देतात तशी. उकळल्यावर गंज मी उतरवला. बारा वाट्या. वाटीला २९. माझ्या घरच्या ३८ पेक्षाही कमी.

रंजू दोन वाट्या प्याली, गटागट, वाटी दोन्ही हातांनी धरून. नंतर वाटीचा काठ चाटत बसली.

मला दिली नाही. विचारलंही नाही. फुलाबाई गडव्यात उरलेली ओतून निंदायला निघाली. जाता जाता म्हणाली, "बुढीले पानी दे अन् मंग जाय."

दिलं. मग आलो.

२७ ऑगस्ट, सोम.

सकाळपासून कार्यालयात. ९४, १०१, ८८, २९. सरासरी ७८.

७८ लावून बेरीज चालवली. बोडीटोला खालून सहावा. एका गावानं सुटतो.

नुसते २९ लावले. अगदी तळाला, अकरावा.

सरांनी सलग चार सकाळी मागितल्या. चार दिल्या तर पोरं सुटतात. एकच दिली तर मी निवडलं असं होतं, आणि खरंच मी निवडलेलं असेल. पहिले तीन आकडे खोटे नाहीत. ते तांदूळ खरोखर शिजले, खाल्ले गेले, मी पण खाल्ले. पण ते रोजचे नाहीत.

शे.बाई आल्या. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "तीन दिवस तू पाव्हना होता. चवथ्या दिवशी घरचा झाला. इतकं त मले बिनचष्म्याचं दिसते."

फॉर्म नवा घेतला. तारीख, तांदूळ, वाट्या, उष्मांक असे चार रकाने छापलेले. शेजारच्या मोकळ्या जागेत पट्टीनं पाचवा आखला. वर लिहिलं: मोजणारा पाहुणा होता का?

होय. होय. होय. नाही.

खाली शे.बाईंची सही घेतली. त्या म्हणाल्या, "सर हासतीन."

हसू द्या, बाई.

पाकीट साडेअकराच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. मग आठवलं, "पाहुणा" ऱ्हस्व-दीर्घ बरोबर लिहिलं का? वहीत पाहिलं. बरोबर आहे.

२९ ऑगस्ट, बुध.

फोन. क्लार्क म्हणाला, पाकीट पोचलं, टेबलावर ठेवलंय, फोडलेलं नाही. सर दौऱ्यावर. शुक्रवारी येतील.

शुक्रवार म्हणजे ३१.

शुक्रवारी किती वाजता, विचारलं. माहीत नाही म्हणाला. यादी किती वाजता जाते? तेही नाही.

शे.बाई काल बोडीटोल्याला गेल्या होत्या. फुलाबाईनं विचारलं म्हणे, "तो काऊन नाई आला? चार दिवस आला अन् गेला. असं असते का?" बाईंनी सांगितलं, त्याचं मोजून झालं. त्यावर ती काय म्हणाली, बाई सांगत नाहीत.

सर विचारतील, हा रकाना कोणाच्या परवानगीनं आखला. त्याचं उत्तर लिहून काढतोय, फोनवर अडखळायला नको म्हणून. पहिलं खोडलं, फार लांब होतं. दुसऱ्यात मी माफी मागत होतो, तेही खोडलं. तिसरं चालू आहे, एवढंच झालंय: "सर, पेज दोन प्रकारची असते"